निशाणी नांगर

आपल्या मंडळाची स्मरणिका निघते तेव्हा तीत पाककृती, भरतकाम, बालसंगोपन असे उपयोगाचे लेख असतातच. या खेपेस संपादिका भगिनींनी मला इतिहासावर काही लिहावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांच्या लढायांवर मी काय लिहिणार? परंतु आपण बहुतेकजणी शेतकऱ्यांच्या लेकी नि सुना आहोत. आपल्या माणसांना अक्षर कसे मिळाले, ते कोणी मिळवून दिले आणि त्यापायी कोणाला काय सोसावे लागले, हाही इतिहासच आहे, आणि तो आपल्या घरातला आहे. म्हणून दोन शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

पूर्वीच्या काळी ज्याला लिहिता येत नसे तो कागदाखाली आपल्या धंद्याची खूण काढीत असे. कुणबी असेल तर नांगर, लढवय्या असेल तर कट्यार. कागद लिहिणारा त्या खुणेशेजारी लिही, ‘निशाणी नांगर’. बाईमाणसाची निशाणी असे बांगडी. वर काय मजकूर लिहिला आहे हे नांगर काढणाऱ्याला ठाऊक नसे. लिहिणाऱ्याने वाचून दाखविले तेवढेच त्याने ऐकायचे आणि खाली आपला नांगर ओढायचा. शेतात नांगर चालविणाऱ्याचा तो कागदावरचा नांगर पुष्कळदा त्याच्याच जमिनीवर फिरला, ही आपल्या मुलखाची जुनी कहाणी आहे.

गावात शाळा अगदीच नव्हत्या असे नाही. पंतोजींची शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळात भरे. मुले धुळाक्षरे गिरवीत, पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ करीत, आणि मोठी झाली की मोडी वाचू लागत. परंतु तेथे बसणारी मुले बहुतेक ब्राह्मणांची आणि वाणी, सोनार अशा हिशेब ठेवणाऱ्यांची असत. कुणब्याचा मुलगा क्वचित दिसे. महारामांगांच्या मुलांना तर ओसरीची पायरीही बंद होती. मुलीचा प्रश्नच नव्हता. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे आणि वही सावकाराकडे. ज्याच्या घामावर हे दोघे जगत, त्याला दोन्हींतले अक्षर कळत नसे.

इंग्रजांचे राज्य आल्यावर ही अडचण वाढली. सन १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नवी जमीनपाहणी सुरू झाली आणि पुढे ती पद्धत दख्खनभर गेली. प्रत्येक खातेदाराचे नाव वेगळे लागले आणि सारा रोख पैशांत, ठरल्या तारखेला भरावा लागू लागला. पाऊस तर तारीख पाहून पडत नाही. मग पैशासाठी सावकाराचे दार गाठावे लागे. पूर्वी सावकार गावाच्या भिडेत असे, आता त्याच्या पाठीशी कोर्ट उभे राहिले. कोर्टापुढे तोंडचा शब्द चालत नाही, स्टँपाचा कागद चालतो. आणि कागद तर सावकाराच्या हातचा!

सन १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईना म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी हात सैल सोडले, सावकारांनीही भराभर कर्जे दिली. युद्ध संपले आणि भाव कोसळला. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची नवी आकारणी झाली व ती पुष्कळ ठिकाणी बरीच चढली. कर्ज फिटेना, व्याजाचे मुद्दल होऊ लागले, हुकूमनामे निघू लागले. शिरूर तालुक्यातील कर्डे गावच्या लोकांनी सन १८७४ च्या अखेरीस आपल्या सावकारावर बहिष्कार घातला. त्याचे शेत कोणी कसेना, पाणी कोणी भरीना, न्हावी दाढी करीना. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव गेले.

या दंग्यांतील एक गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लोकांचा राग माणसांच्या जिवावर फारसा गेला नाही. ‘आमचे कागद द्या’ हीच मुख्य मागणी होती. सावकाराने खते पुढे टाकली की ती जाळीत आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर माघारी फिरत. जे वाचता येत नाही ते जाळावे, एवढाच मार्ग त्यांना दिसला. सरकारने चौकशी नेमली आणि सन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. कर्जाचा मूळ हिशेब कोर्टाने तपासावा, शेतकऱ्याचे कर्जखत सरकारी निबंधकासमोर लिहिले जावे, कर्जापायी त्याला तुरुंगात टाकू नये, अशी कलमे त्यात होती. कायदा बरा होता. पण कायदाही शेवटी कागदावरच असतो, आणि तो वाचायला अक्षर लागते.

या दुखण्याचे मूळ ज्यांनी अचूक ओळखले ते महात्मा जोतीराव फुले. सन १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली हे आपण सर्वजणी जाणतो. तेथे शिकविणाऱ्या सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातील नायगावच्या पाटलांची लेक. लग्न नवव्या वर्षी झाले आणि अक्षर त्या सासरी येऊन शिकल्या. रस्त्याने जाताना अंगावर चिखल-शेण पडे, म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत. या जोडप्याने सन १८५५ मध्ये दिवसभर कष्ट करणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळाही चालविली. दिवसा ज्याच्या हाती औत आहे त्याला शिकवायचे तर दिवा लावूनच शिकविले पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते.

त्या काळी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेत आणि त्यातील तिसरा हिस्सा शाळांकडे जाई. म्हणजे शाळेचा खर्च शेतकऱ्याच्या आण्यातून चाले, आणि शाळेत मात्र त्याचा मुलगा नसे. सन १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांचे कमिशन नेमले. त्यापुढे जोतीरावांनी हेच मांडले. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि तिचा लाभ वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणाला होतो, म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. लगेच पुढच्या वर्षी, सन १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. विद्येवाचून शेतकऱ्याची कशी दैना झाली, हेच त्या पुस्तकाचे सार आहे. विलायती पाहुण्यांसाठी सन १८८८ मध्ये पुण्यात मेजवानी झाली, तेव्हा राजपुत्रासमोर जोतीराव मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि रयतेची हकीकत त्यांनी त्याच्या कानी घातली.

येथे एका भगिनीचे नाव सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या म्हणजे तानुबाई बिर्जे. सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या या मुलीचे लग्न वासुदेवराव बिर्जे यांच्याशी झाले. शेतकरी-कष्टकऱ्यांची बाजू मांडणारे ‘दीनबंधू’ हे पत्र सन १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केले होते, ते पुढे बिर्जे चालवीत. सन १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले. कपाळाचे कुंकू गेलेल्या बाईने कोपऱ्यात बसावे असा तो काळ. पण तानुबाईंनी लेखणी हाती घेतली आणि सुमारे चार वर्षे त्या पत्राचे संपादन केले. भिडेवाड्यात पेरलेल्या दाण्याचे हे एक कणीस.

जोतीरावांची मागणी सरकारने मनावर घेतली नाही. ती प्रथम अमलात आणली ती दोन संस्थानिकांनी, आणि त्यांतील एक तर शेतकऱ्याच्याच घरचा. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा गोपाळ हा मुलगा सन १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. सन १८९३ मध्ये त्यांनी अमरेली प्रांतात मुलांना व मुलींनाही शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि सन १९०६ मध्ये ते सर्व राज्यास लागू केले. स्वतः निरक्षरपणाचा चटका सोसलेल्या माणसास दुसऱ्याची भूक बरोबर कळली, असेच म्हणावे लागेल.

दुसरे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. खेड्यातील मुलगा शिकायचा तर शहरात त्याच्या भाकरीची नि पथारीची सोय पाहिजे, हे त्यांनी जाणले. सन १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक अशी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडविली. सन १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे मोठी रक्कम! त्यांच्या सूनबाई इंदुमतीदेवी लहान वयात विधवा झाल्या, तेव्हा घरच्यांचा विरोध पत्करून महाराजांनी त्यांना शिकविले. सक्ती लोकांवर आणि सवलत आपल्या घरास, असे त्यांनी केले नाही.

शाहू महाराजांच्या सहवासात आणि सत्यशोधकांच्या विचारात वाढलेले एक गृहस्थ म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म सन १८८७ मध्ये कुंभोज येथे झाला. तरुणपणी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडत. लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष चढते अशी समजूत त्या वेळी होती. ती काढता काढता भाऊरावांना खेडे आतून दिसले. ज्या शेतकऱ्याला नवा नांगर समजावून सांगावा लागतो त्याला अगोदर अक्षर दिले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. दिनांक ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सन १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत व एकत्र राहत. सन १९२७ मध्ये महात्मा गांधींनी ते वसतिगृह पाहिले आणि त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

भाऊरावांचे नाव सर्वत्र आहे आणि ते योग्यच आहे. परंतु भगिनींनो, त्या पंक्तीत वाढणारे हात कोणाचे होते? लक्ष्मीबाईंचे. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या पोरांना पोटाशी धरले. पैसे संपत तसतसा एकेक दागिना मोडला गेला. माहेरचे सोने गेले, आणि एके वेळी मुलांच्या जेवणाला काहीच उरले नाही तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. मंगळसूत्र म्हणजे काय हे आपणा बायकांना सांगावयास नको. सन १९३० मध्ये त्या वारल्या. संस्थेचा पुढे झालेला वटवृक्ष त्यांनी पाहिला नाही. सन १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि मुले शेतात, बांधकामावर राबून ‘कमवा आणि शिका’ या रीतीने पदवीधर झाली. त्याआधी वाड्यावस्त्यांवर संस्थेने पाचशेहून अधिक लहान शाळा काढल्या. गावकऱ्यांनी धान्य द्यावे, जागा द्यावी आणि मास्तरने शिकवावे, असा तो साधा व्यवहार होता. कणगीतून धान्य काढून देणारी घरची बाईच ना? वर्गणीच्या यादीत नाव मात्र कारभाऱ्याचे लागे.

हे केवळ सातारा-कोल्हापूरकडे झाले असे नाही. नाशकास सन १९१४ मध्ये सत्यशोधक मंडळींनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी उदोजी मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यातून मराठा विद्या प्रसारक समाज ही मोठी संस्था वाढली. वऱ्हाडात पापळ गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेहून शिकून आले. त्यांनी अमरावतीस वसतिगृह काढले आणि पुढे शिवाजी शिक्षण संस्था उभारली. सन १९५२ पासून दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. मराठवाड्यात निजामाचे राज्य होते. तेथे वरचे शिक्षण नि कचेरीचे कागद उर्दूत. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरापुढे एकाऐवजी दोन कुलपे होती. सन १९४८ मध्ये तो प्रदेश मुक्त झाला आणि सन १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. ज्यांच्या नावावर नांगरण्यापुरतीही जमीन नव्हती अशांची मुले तेथे शिकली.

आता आपल्या लेकींकडे येते. वर सांगितलेल्या बहुतेक वसतिगृहांत मुलगे होते. मुलगी कोठे होती? ती घरी होती. तिच्या कडेवर धाकटे भावंड होते. आई निंदायला गेली की पोर सांभाळायचे, शेण गोळा करायचे, पाणी आणायचे, शेळ्या वळायच्या. जोंधळा निसवला की गोफण घेऊन माळ्यावर उभे राहायचे. शेतीचे पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक यांचे कधी पटलेच नाही. शेतकऱ्याला शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असे शिकलेले लोक सहज म्हणतात. पण ज्या घरात सात-आठ वर्षांच्या पोरीच्या हातावाचून आईला मजुरी करता येत नाही, त्या घरात पोरीला शाळेत घालणे म्हणजे आईची मजुरी बुडविणे असते.

हे कोडे ज्यांनी सोडविले त्या दोघीही बायका होत्या. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. सन १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे डोंगरावर कोसबाडला वारली मुलांत काम केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांकडे न्यावी, असे त्यांनी ठरविले. मुले अंगणात होती म्हणून अंगणवाडी झाली. मुले गुरांमागे रानात होती म्हणून तेथे कुरणशाळा भरली. मोठी बहीण धाकट्याला टाकून येऊ शकत नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली व तिला विकासवाडी म्हटले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली पाटीवर. किती साधी गोष्ट, परंतु ती सुचायला घर सांभाळलेल्या माणसाची नजर लागते. आज गावोगाव अंगणवाडी आहे. तिथे खाऊ मिळतो एवढेच आपण पाहतो. पण तिच्यामुळे एका थोरल्या बहिणीचा हात मोकळा होतो, हेही पाहावे.

प्रौढ बायकांच्या वाट्याला अक्षर आले ते सन १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत. रात्री कंदिलाच्या उजेडात देवळात, चावडीत वर्ग भरत. गावातील शिक्षक आणि शिकलेली मुले शिकवीत. सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पुढे ही मोहीम इतर जिल्ह्यांतही गेली. सुनेने सासूला ‘ग म भ न’ गिरवायला लावावे, हे दृश्य त्या काळी प्रथमच दिसले असेल.

सन १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि सन १९६२ पासून खेड्यांतील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. सहकारी साखर कारखाने निघाले. प्रवरानगरचा पहिला कारखाना सन १९५० च्या सुमारास सुरू झाला, तो उभारण्यात पुढाकार घेणारे विठ्ठलराव विखे पाटील स्वतः फारशी शाळा शिकलेले नव्हते. अशा कारखान्यांच्या परिसरात पुढे शाळा-कॉलेजे आली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे झाली. राहुरीच्या विद्यापीठाला जोतीरावांचे आणि अकोल्याच्या विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव आहे. मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली, आणि अहिल्याबाई होळकरांच्या नावाने खेड्यातील मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळू लागला. त्या एका पासाने किती मुलींची आठवी झाली असेल! माझी स्वतःची शाळा सातवीला सुटली ती नापास झाल्यामुळे नव्हे. आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंतच होती, पुढची तालुक्याला, आणि वाडीला गाडी येत नव्हती. मोठ्या भावाला सायकल घेतली गेली. घरात सायकल एकच होती. पूर्वी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस मास्तर होत असे, असे आमचे गुरुजी सांगत. तेवढेच माझे समाधान!

इतके सगळे झाले, तरी सर्व झाले असे समजू नये. सन २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सात वर्षांवरील बायकांपैकी सुमारे शहात्तर टक्के साक्षर होत्या. म्हणजे चौघींत एक अद्याप अंगठ्यावर होती. ऊसतोडणीला दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारी कुटुंबे उन्हाळ्यातच परततात. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहे निघाली, तरी कोपीवर भावंड सांभाळणारी मुलगी अजून दिसते. तिची गोष्ट कोसबाडच्याच मुलीची आहे. सन २०१७ मध्ये कमी पटाच्या हजाराहून अधिक शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत धाडण्याचे ठरले. कागदावर दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण मध्ये ओढा असेल आणि मूल मुलगी असेल, तर ते अंतर किती होते हे आईला विचारावे.

आणि दुसरी गोष्ट सहीची. आमच्या आजेसासूबाई सोसायटीच्या कागदावर आयुष्यभर अंगठा उठवीत आल्या. आपण सही करतो. पण सही करण्यापूर्वी आपण वाचतो काय? बचत गटाचे कर्ज असो, कंपनीचे कर्ज असो, साहेब बोट ठेवतो तेथे आपण नाव लिहितो. माहेरी भाऊ बोलावतो, चोळीबांगडी करतो, आणि तलाठ्याकडे किंवा निबंधकाकडे हक्कसोडपत्रावर आपली सही होते. सन १९९४ मध्ये महाराष्ट्रात आणि सन २००५ मध्ये सर्व देशात हिंदू कुटुंबांतील लेकींना वडिलार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क देणारा कायदा झाला. सन १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ केली व पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या बायकोच्या नावे जमीन करून दिली. हक्क सोडायचा की ठेवायचा हा जिचा तिचा प्रश्न आहे, नातेही सांभाळावे लागते. परंतु सोडायचा तर वाचून सोडावा. न वाचता केलेली सही आणि ‘निशाणी बांगडी’ यांत काय अंतर राहिले?

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, मंडळाच्या दर महिन्याच्या सभेत अर्धा तास काढून आपण कागद वाचण्याचा वर्ग चालवावा. सातबारा कसा वाचावा, आठ अ म्हणजे काय, कर्जाच्या कागदात व्याज कोठे लिहिलेले असते, हे ज्या भगिनींना येते त्यांनी बाकीच्यांना सांगावे. दुसरी, आपल्या भागातील शाळेच्या पटावर नाव असूनही जी मुलगी वर्गात दिसत नाही, तिच्या घरी दोघीतिघींनी जाऊन यावे. रागावण्यासाठी जाऊ नये. तिच्या कडेवर कोण आहे ते पाहावे आणि त्याची काही सोय आपल्याला लावता येईल काय, ते बघावे.

असो. लेख लांबला. सावित्रीबाईंनी अंगावर चिखल झेलला, लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, अनुताईंनी डोंगर चढला, तेव्हा कोठे शेतकऱ्याच्या लेकीच्या हाती लेखणी आली. तिचा उपयोग आपण वाणसामानाच्या यादीपुरता ठेवू नये, एवढेच मागणे. सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.